कावळ्यांनी घेरलेली मेंढी: हे चित्र नेमकं बघायचं कसं

बर्फात एक मेंढी उभी आहे. पायाशी तिचं कोकरू मरून पडलंय. आजूबाजूला कावळे, दहा-वीस नाहीत, मोजायला घेतले तर मध्येच चुकायला होईल एवढे, आणि सगळे तिला घेरून उभे. मेंढीनं मान वर केलीय, तोंड उघडं आहे, तोंडातनं वाफ निघतेय. चित्रात एवढंच आहे. गेली काही वर्षं हे चित्र मोबाईलवर फिरतंय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आलं असेल, खाली बहुतेक वेळा 'आई ती आईच' नाहीतर 'जग असंच असतं' असलं काहीतरी लिहिलेलं, लोक रडका चेहरा पाठवतात आणि पुढे सरकतात.

मला ह्या चित्रानं बरेच दिवस सोडलं नाही, आणि 'आई ती आईच' ह्या तीन शब्दांत ते संपत नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. चित्रकलेचं शिक्षण झालेलं असायची काही गरज नाही. आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात शाळेतली भरपूर पोरं एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसतात, स्थिरचित्र, स्मरणचित्र, शेडिंग सगळं घोटून करतात, पण दुसऱ्यानं काढलेलं चित्र समोर आलं तर ते बघायचं कसं हे फारसं कोणी सांगत नाही, मग पोरं 'छान आहे' म्हणतात नाहीतर 'समजलं नाही' म्हणतात, आणि दोन्हीकडे गाडी तिथंच थांबते.

आधी थोडी माहिती. चित्रकार ऑगस्ट फ्रेडरिक आल्ब्रेख्त शेंक. जन्म 1828 चा, हॉलस्टाइनमधल्या ग्ल्युकश्टाट गावचा, तो भाग आज जर्मनीत आहे पण तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता. पुढं हा माणूस फ्रान्समध्ये स्थायिक झाला, पॅरिसच्या उत्तरेला एकुआं म्हणून गाव आहे तिथं राहिला आणि 1901 मध्ये तिथंच वारला. जनावरांची चित्रं हाच त्याचा मुख्य विषय, त्यातही मेंढ्या जास्त. आपलं हे चित्र साधारण 1878 चं, नाव 'अँग्विश', आपण 'तळमळ' म्हणूया. 1880 साली ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियानं विकत घेतलं, आजही तिथंच आहे, आणि 1906 मध्ये लोकांना तिथली आवडती चित्रं विचारली होती तेव्हा हे पहिल्या पाचात आलं होतं. म्हणजे लोकांना आजच व्हॉट्सॲपमुळं ते आवडायला लागलंय असं नाही, शंभर वर्षांपूर्वीही आवडत होतंच.

आणि आकार लक्षात घ्या. खरं चित्र सुमारे 151 सेंटिमीटर उंच आणि 251 सेंटिमीटर रुंद आहे, पाच फूट बाय सव्वाआठ फूट. मोबाईलवर कावळा म्हणजे एक काळा ठिपका दिसतो. पडवीच्या भिंतीवर खडूनं पाच बाय सव्वाआठचा चौकोन आखा आणि त्याच्यासमोर दोन पावलांवर उभे राहा, मग कळेल की खऱ्या चित्रापुढं माणूस कावळ्यांच्या किती जवळ येत असेल. एवढ्या मोठ्या कापडावर पूर्वी राजे-महाराजे, लढाया, देवादिकांचे प्रसंग काढायची पद्धत होती. ह्या माणसानं तेवढी जागा एका मेंढीला दिली, हा निर्णयच पुष्कळ काही सांगतो.

आता बघायला सुरुवात करू. माझी एकच विनंती आहे, पहिली काही मिनिटं 'काय वाटतं' हे बाजूला ठेवा आणि 'काय आहे' तेवढंच बोला. मोठ्यानं बोलला तर अजून चांगलं. मेंढी मधोमध आहे. ती कोकराला जवळजवळ चिकटून उभी आहे, कावळ्यानं त्याच्यापर्यंत पोचायचं तर तिच्या पायांना ओलांडून जावं लागेल अशी. कोकराच्या तोंडाजवळ बर्फावर थोडं रक्त दिसतं. कावळे जमिनीवर आहेत, मागून अजून येतायत. आभाळ राखाडी, त्यात मळकट पिवळट झाक. झाड नाही, घर नाही, माणूस नाही.

इथपर्यंत आलात की एक गोष्ट खटकायला हवी. कोकरू मेलेलं आहे. म्हणजे वाचवायला काही उरलेलंच नाही. आपण पहिल्या नजरेला 'आई पिल्लाला वाचवतेय' असं म्हणून टाकतो, पण ती वेळ गेली, चित्रकारानं मुद्दाम ती वेळ गेल्यानंतरचा क्षण निवडलाय. त्याला कावळ्यांशी झुंजणारी मेंढी काढता आली असती, पंख फडफडतायत, पिसं उडतायत, तिनं डोकं खाली घालून धडक मारलीय, तेही चित्र झालं असतं आणि लोकांना तेही आवडलं असतं. त्यानं झुंज काढली नाही. त्यानं उभं राहणं काढलं. आणि कावळेही हल्ला करत नाहीयेत, ते थांबलेत, त्यांना कसलीच घाई नाही. मेंढीला थंडी आहे, भूक आहे, दमणूक आहे, कावळ्यांना फक्त वेळ काढायचाय. ह्या चित्रातला खरा काळोख मला इथं वाटतो, मरणात नाही. मरण तर होऊन गेलं. आता जे चाललंय त्याचा उपयोग शून्य आहे आणि तरी ती हलत नाही, हे चित्रकार आपल्याला सव्वाआठ फूट रुंद करून दाखवतोय.

एकदा हे दिसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसायला लागतात. उदाहरणार्थ ती वाफ. अख्ख्या चित्रात गरम अशी एकच गोष्ट आहे, मेंढीचा श्वास, आणि तो थंडीत दिसतोय म्हणून आपल्याला आवाजही ऐकू येतो, चित्राला आवाज नसतो तरी. कोकराच्या तोंडाशी वाफ नाही. ते मेलंय हे सांगायला एवढंच पुरलं असतं, दोन तोंडं, एकातनं वाफ येतेय, एकातनं येत नाही.

बर्फाचंही तसंच. आपण कोकणातली माणसं, बर्फ आपण सिनेमात नाहीतर मासळीच्या पेटीत बघितलेला, त्यामुळं चित्रातला बर्फ आपल्याला आधी सुंदर दिसतो, मनालीचा फोटो असल्यासारखा. तो चष्मा काढावा लागतो. मेंढीसाठी बर्फ म्हणजे खाली दबलेलं गवत, म्हणजे उपाशी पोट, आणि थंडी संपता संपता जन्मलेल्या ओल्या कोकरासाठी पहिल्या रात्रीचा गारठा म्हणजे मरणच. आपल्याकडे एवढं उघडंबोडकं काय असेल तर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं माळरान, मे महिन्यातला, पायाखाली चटका बसतोय आणि लांबपर्यंत सावली नाही. शेंकनं बर्फाची ओसाडी काढली ती त्याच्या ओळखीची होती. पण त्यात रंगाचंही गणित आहे, पांढऱ्यावर काळा कावळा जेवढा टोचतो तेवढा दुसऱ्या कशावर टोचत नाही. हाच प्रसंग आषाढातल्या भिजून काळवंडलेल्या सड्यावर काढला असता तर निम्मे कावळे कातळात विरून गेले असते, आणि मेंढी उठून दिसली असती. इथं उलटं होतं, मळक्या लोकरीची मेंढी बर्फाच्या रंगाच्या जवळची आहे आणि कावळे मात्र एकेक वेगळा कळतो, आपली नजर मेंढीवर टिकतच नाही, सारखी कडेला ओढली जाते, तिथं किती आहेत ते बघायला. मेंढीला जे वाटत असेल ते आपल्या डोळ्यांकडून करून घेतलंय त्यानं.

आपण नेमके कुठं उभे आहोत हाही प्रश्न प्रत्येक चित्राला विचारायचा असतो आणि तो सगळ्यात जास्त विसरला जातो. चित्रकार बघणाऱ्याला एक जागा देतो, खिडकीत, टेकडीवर, दाराआड. इथं जागा कुठं दिलीय? चित्राच्या खालच्या बाजूलाही कावळे आहेत, म्हणजे ते रिंगण आपल्या बाजूनंही आहे आणि आपण त्या रिंगणाच्या रेषेवरच कुठंतरी उभे आहोत, कावळे जिकडं बघतायत तिकडंच बघत. रस्त्यावर अपघात झाल्यावर गर्दीत मान उंच करून बघणारा माणूस असतो, त्याला स्वतःला तो गर्दी वाटत नाही, तसं काहीसं आपलं होतं. ही बोच मला फार प्रामाणिक वाटते. वर आपण ते चित्र सेव्ह करून पुढं पाठवतो तेव्हा तर जास्तच.

आता कावळ्यांकडे येऊ, कारण इथं कोकणी माणूस आणि युरोपातला माणूस ह्यांच्या वाटा एकदम वेगळ्या होतात.

मी हे चित्र घरी आईला दाखवलं. ती मूळची मालवणकडची. तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं तर, "इतके कावळे जमले, पितरां रे ती." आपल्याकडे कावळा म्हणजे आधी पितर. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत अख्खं घर नदीवर खोळंबून उभं असतं, शिवला नाही की कोणीतरी पुढं होऊन बोलतं, तुमच्या पोरीचं लग्न आम्ही करू, घराची वाटणी नीट करू, आणि कावळा खाली उतरला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पितृपक्षात पहिलं पान त्याचं. म्हणजे आपल्या डोक्यात कावळा येणं ही सुटका आहे, गेलेल्याची इच्छा पुरी झाली ह्याची पावती. आणि युरोपात, विशेषतः मेंढपाळांच्या मुलखात, कावळा म्हणजे रणांगणावरचा, फासावरचा, मढं टोचणारा पक्षी. मेंढपाळाला तर तो पक्का ठाऊक, नुकतं जन्मलेलं किंवा आडवं पडलेलं कोकरू दिसलं की कावळे डोळे आणि जीभ टोचतात, तिथं हे आजही होतं.

मग आईचं वाचन चूक का? नाही, असं मला वाटत नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. शेंकच्या मनात पितर नव्हते, तो अर्थ त्याच्यावर लादायचा नाही. पण बघणारा आपण आहोत आणि आपल्या डोक्यातला कावळा बाहेर काढून ठेवता येत नाही, तर त्याचा उपयोग करून घ्यायचा. कोकणी डोळ्यांनी बघितलं तर हे चित्र अजून भयंकर होतं, कारण इथं कावळ्यांनी येणं ही सुटका नाहीये, उलट एक आई सगळा जीव एकवटून तो शिवू नये म्हणून उभी आहे. आपल्या सगळ्या विधीची दिशाच उलटी झाली. हे युरोपातल्या बघणाऱ्याला दिसूच शकत नाही, ते आपल्याला दिसतं, आणि ते चित्राशी भांडत नाही, उलट त्यातली वाट बघणं जास्त घट्ट करतं. तिथंही सगळे कावळ्यावर नजर लावून थांबलेले असतात, इथंही.

आईचं दुसरं वाक्य मला अजून महत्त्वाचं वाटलं. "तिचो धनगर खय गेलो?"

हा प्रश्न शंभर नंबरी आहे. चित्रात काय आहे हे सगळेच बघतात, काय असायला हवं होतं आणि नाही, हे बघायला जनावरं सांभाळलेला माणूस लागतो. आपल्याकडे दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, भात कापलेल्या शेतात खतासाठी रात्री मेंढ्या बसवतात, त्यामुळं इथल्या जुन्या माणसांना मेंढी माहीत असते, आणि एकटी मेंढी त्यांना खटकतेच. मेंढी एकटी राहणारं जनावर नाही. कळप दिसत नसेल तर ती घाबरते, ओरडते, धावत सुटते. म्हणजे कळप पुढं निघून गेलाय, मेंढपाळ पुढं गेलाय, कुत्रा पुढं गेलाय, आणि हिनं कळप सोडून मेलेल्या पोराजवळ थांबायचं ठरवलंय, ह्यासाठी मेंढीला किती काय मोडावं लागत असेल ते बघा. आणि मेंढपाळ असता तर त्याला इथं काम होतं. युरोपातले मेंढपाळ पूर्वीपासून एक करतात, मेलेल्या कोकराचं कातडं काढून ते दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात, आईला आपल्या पोराचा वास येतो आणि ती त्याला पाजायला घेते. आपल्याकडेही वासरू मेलं की कातड्यात पेंढा भरून गाईपुढं ठेवायचे, त्याशिवाय तिला पान्हा फुटत नसे. म्हणजे माणूस आला असता तर ह्या दुःखाला काहीतरी वाट मिळाली असती, थोडी फसवणूक करून का होईना. चित्रकारानं माणूस काढून टाकला आणि ती वाटच बंद केली.

ख्रिश्चन घरात वाढलेला माणूस बघेल तर त्याला अजून एक गोष्ट लगेच दिसेल, वसईकडच्या वाचकांना मी सांगायची गरजही नाही. कोकरू म्हणजे येशू, देवाचा कोकरा. आणि मेलेल्या मुलाजवळ शोक करणारी आई म्हणजे मारिया, मायकेलअँजेलोचा तो रोममधला संगमरवरी पुतळा बहुतेकांनी फोटोत बघितलेला असतो. शेंकला हे ठाऊक नसेल असं होऊच शकत नाही, त्या काळात तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्यानं ते कुठंही लिहून ठेवलेलं नाही, आभाळातनं उजेडाची तिरीप नाही, क्रूस नाही, डोक्यामागं तेजोवलय नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल, न दिसलं तरी मेंढी उभीच आहे.

ह्याच्या बरोबर उलटं काम विल्यम होल्मन हंट ह्या इंग्रज चित्रकारानं केलं. त्याचं 'द स्केपगोट', 1854 ते 1856 मधलं. बायबलमध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशीचा विधी आहे, दोन बकरे घ्यायचे, एक देवाला बळी द्यायचा आणि दुसऱ्यावर सगळ्यांची पापं घालून त्याला रानात हाकलून द्यायचं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, गावाची इडापिडा वेशीबाहेर जावो म्हणून आपल्याकडे गाऱ्हाणी घातली जातात आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, कल्पना त्याच जातीची आहे. हंट ह्या चित्रासाठी खरोखर मृत समुद्राच्या काठी गेला, जी जागा आज समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरपेक्षा जास्त खाली आहे, बंदूक जवळ ठेवून तिथं बसला, आणि मिठाच्या खरपडीत पाय रुतलेला, जिभेला कोरड पडलेला, शिंगांना लाल पट्टी बांधलेला बोकड काढला. मागं जांभळट डोंगर, आजूबाजूला हाडं. फ्रेमवर बायबलमधली वचनंसुद्धा घातली. आणि तरी लंडनमधल्या बऱ्याच लोकांना त्यात एक थकलेला बोकड दिसला, बाकी काही नाही. मोठं चित्र आज इंग्लंडात पोर्ट सनलाइटच्या लेडी लिव्हर गॅलरीत आहे आणि एक छोटं, काळ्या बोकडाचं, मागं इंद्रधनुष्य असलेलं, मँचेस्टरमध्ये.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. हंटचं चित्र समजायला चावी लागते, चावी मिळाली की ते उघडतं आणि फार खोल आहे, मला ते आवडतं. पण चावी नसेल तर बाहेरच राहावं लागतं. शेंकच्या चित्राला दारच नाही, सरळ अंगणात उभे आपण. म्हणून असलं चित्र समोर आलं की मी आधी हे बघतो की चित्रकार गोष्ट बाहेरून आणतोय की सगळं चित्रातच ठेवलंय. बाहेरून आणत असेल तर ती गोष्ट शोधून वाचायची, त्यात कमीपणा नाही. सगळं आतच असेल तर मात्र उगीच बाहेर प्रतीकं शोधत फिरायचं नाही. 'तळमळ'बद्दलही काही जण 1870-71 चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आणतात, आणि हे खरंच आहे की शेंक जन्मानं त्या बाजूचा होता, राहत ह्या बाजूला होता, आणि ते युद्ध पॅरिसच्या दारापर्यंत आलं होतं. पण मेंढी म्हणजे फ्रान्स आणि कावळे म्हणजे प्रशियाचं सैन्य असं जुळवलं की चित्र एकदम छोटं होतं, कोडं सुटलं, पान उलटा. मला ते ओढूनताणून वाटतं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, मेंढीला खरंच असं दुःख होतं का, की चित्रकारानं माणसाचं दुःख तिच्या तोंडावर चिकटवलं? हा प्रश्न त्या काळातही गरम होता, डार्विननं 1872 मध्येच माणूस आणि प्राणी भावना कशा दाखवतात ह्यावर अख्खं पुस्तक काढलं होतं, म्हणजे चित्राच्या सहाच वर्षं आधी. आज आपल्याला थोडं जास्त कळलंय. मेंढी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच आपलं कोकरू वासावरनं ओळखायला शिकते आणि दुसऱ्याचं जवळ येऊ देत नाही. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवलं की मेंढ्या 50 इतर मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात. म्हणजे मेलेल्या कोकराजवळ थांबून ओरडणं ह्यात खोटं काही नाही. आतून तिला नेमकं काय होतं हे मात्र तिचं तिलाच माहीत, आणि तिथं शेंकनं हात आखडता घेतलाय, डोळ्यातनं पाणी काढलेलं नाही, भुवया माणसासारख्या केलेल्या नाहीत. मान, तोंड, पाय, सगळं मेंढीचंच आहे.

कावळ्यांच्या बाबतीत मात्र त्यानं मोकळीक घेतलीय. किनाऱ्यावर बांगडे, सुकट वाळत घातलेलं असतं तिथं दुपारी जाऊन कावळे बघा. ते गोल करून कधीच उभे राहत नाहीत. एक तिरका उड्या मारत पुढं येतो, हात उचलला की मागं सरकतो, दुसरा मागनं झडप घालतो, दोघं एकमेकांशीच भांडतात, नुसती पळापळ. इतकं शिस्तीत, एकाच गोष्टीकडे तोंड करून थांबणारे कावळे म्हणजे न्यायसभा आहे, ते निसर्गातनं आलेले नाहीत, चित्रकारानं मांडलेत. आणि कोकराला मारलं कोणी, थंडीनं की कावळ्यांनी, हेही त्यानं सांगितलेलं नाही, रक्ताचा एक ओघळ तेवढा ठेवलाय. त्यामुळं कावळे गुन्हेगार आहेत की नुसते भुकेले हे आपल्याला ठरवता येत नाही. हिवाळ्यात पोट त्यांनाही आहेच. मला वाटतं ह्या चित्राचा मोठेपणा ह्यात आहे की ते कावळ्यांचा राग येऊ देत नाही पुरता, राग आला असता तर आपल्याला बरं वाटलं असतं.

ह्या चित्रावर नेहमीचा आरोप असतो की हे रडवायचा धंदा आहे, विसाव्या शतकातल्या पुष्कळ जाणकारांनी अशा सगळ्याच जनावरांच्या चित्रांना ह्याच कारणानं नाकं मुरडली. आरोप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण अशा पद्धतीची खरोखर वाईट चित्रंही ढिगानं झाली. फरक कसा ओळखायचा? माझ्यापुरतं मी असं बघतो, चित्र मला रडवून मोकळं करतं की अडकवून ठेवतं. नुसतं रडवणारं चित्र शेवटी धीर देतं, कुठंतरी लांब घराचा दिवा दाखवतं, कुत्रा मदतीला धावत येताना दाखवतं. गोया ह्या स्पॅनिश चित्रकाराचं एक चित्र आहे, 1819 ते 1823 दरम्यान त्यानं स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढलेल्या 14 काळ्या चित्रांपैकी, आता माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये, त्यात कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं, खाली तपकिरी काहीतरी, वर नुसती पिवळट पोकळी, आणि कुत्रा वर बघतोय. नावसुद्धा गोयानं दिलेलं नाही, नंतर लोकांनी दिलं. त्यात दिवा नाही, कुत्रा बुडतोय की वर येतोय हेही कळत नाही, लोक अजून वाद घालतायत. 'तळमळ' एवढं उजाड नाही, त्यात गोष्ट आहे, पण दिवा त्यातही नाही.

आपल्याकडेही ओसाड जागेतली जनावरं आहेतच की. राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलाय, त्याच्या पोटात अजून कितीतरी प्राणी, आणि असली कातळशिल्पं रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव आहेत, 2022 पासून त्यातली काही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तिथं उभं राहिलं की आपण वर जे जे केलं ते बरंचसं करता येतं, काय आहे, कुठं आहे, आपण कुठं उभे आहोत. फक्त कोणी कोरलं, कशासाठी, आपल्या डोक्यात जसा कावळा म्हणजे पितर तसा त्यांच्या डोक्यात तो हत्ती म्हणजे काय होता, हे हजारो वर्षांपूर्वी त्या माणसांबरोबर गेलं. शेंकच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, त्याच्या वेळची माणसं काय मानायची ते आपल्याला वाचता येतं.

ज्यांना हे चित्र आवडलं त्यांनी शेंकचं दुसरं एक जरूर शोधा. नाव 'पोरका', 1885 च्या सुमाराचं, पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे आणि त्याला ओव्हेर्न्य ह्या फ्रान्समधल्या डोंगराळ भागाची आठवण असं उपनाव आहे. त्यात उलटं आहे, आई मेलीय, कोकरू जिवंत आहे, आणि कावळे कुंपणावर ओळीनं बसलेत. पहिल्यांदा बघाल तर हे जास्त वाईट वाटेल, कारण जिवंत राहिलेलं पिल्लू अजून दुबळं आहे. पण ते कुंपण नीट बघा. कुंपण माणूस घालतो. म्हणजे जवळपास कोणाची तरी जमीन आहे, येणंजाणं आहे, सकाळी कोणीतरी जनावरं मोजायला येईल आणि हे कोकरू सापडेल असं म्हणायला थोडी जागा आहे. 'तळमळ'मध्ये शेंकनं एक खुंटसुद्धा रोवलेला नाही, आणि म्हणूनच दोन्हींत मला तेच जास्त कडक, जास्त खरं चित्र वाटतं.